पुस्तकाच्या अक्षता

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करते. माझ्या मुलीचं, आयराचं, गेल्या डिसेंबरात लग्न झालेलं नाही. पुण्याचे इतिहास संशोधक डॉ. जावेद काझी हे माझे जावई नाहीत. पहिली बायको असताना मी त्यांना मुलगी दिली हे तर साफ खोटं आहे. आणि त्यांची दोन्ही मुलं मांडवात मला नानी म्हणून हाका मारत होती, ही बातमी कामशेतच्या बाजारात कुणी पसरवली हे मला ठाऊक आहे. धाकटा एकदा म्हणाला, पण त्याला गावातल्या पोरांनी शिकवलं होतं.

झालं होतं ते पुस्तकाचं प्रकाशन. पुस्तक मी लिहिलं. मी म्हणजे नुसरत, वीज खात्यात बिलांच्या खिडकीमागे उभा जन्म काढलेली बाई. समोर माणूस ओरडत असताना आपण शांतपणे खालची बिलं वर लावत राहायचं, ही त्या खिडकीची शिकवण. पुढे जे घडलं त्यात तीच उपयोगी पडली.

पुस्तकाचं नाव 'बोरवंडी : घरोघरची हकिकत'. बोरवंडी हे आंदर मावळातलं माझं माहेर. माझे अब्बा, राजमहंमद मण्यार, बांगड्यांचं गाठोडं खांद्यावर घेऊन त्या डोंगरातल्या वाड्या-वस्त्या पायी फिरले. ज्या घरी लग्न, त्या घरी चुडा भरायला अब्बा. मुलगी कुठून आली, कुठे गेली, कुणाच्या लग्नात कोण रुसून ओढ्यावर जाऊन बसलं, गावात पहिली सडक कशी आली, पहिला दिवा कुणाच्या घरी लागला, हे सगळं त्यांच्या डोक्यात. नजर गेल्यावर ते आमच्याकडे लोणावळ्याला राहायला आले आणि दिवसभर बोलू लागले. मी लिहीत गेले. माझे यजमान याह्या यांचं चष्म्याचं दुकान आहे. त्यांना गिऱ्हाईक नसेल तेव्हा ते ऐकायचे आणि असेल तेव्हा गिऱ्हाइकालाही ऐकवायचे.

छापून आलेली पहिली प्रत मी अब्बांच्या हातात दिली. त्यांनी ती हुंगली, पानं बोटांनी चाळली आणि मग प्रकाशनाचा विषय निघाला. माझ्या डोळ्यांसमोर लोणावळ्यातला एक बरासा हॉल होता, पंखे असलेला. अब्बा म्हणाले, बोरवंडीत.

"समद्यांच्या कार्याला मी गेलो," ते म्हणाले. "माझ्या घरचं कार्य गावाला कदी दिसलंच न्हाई. तुझं लगीन बी हितं लोणावळ्यात झालं. येकदा गाव माझ्या दारी यावं, नुसरत. मग मी मोकळा."

मी म्हटलं, येईल. सगळं गाव येईल. बोलून गेले आणि बोललेलं मागे घ्यायची मला सवय नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी चहा पिताना ते विचारायचे, येतील का गं? गाव सोडून बरीच वर्षं झाली, आता कुणाला आठवण असेल? मी दरवेळी तेच उत्तर द्यायचे आणि दरवेळी माझाच माझ्यावरचा विश्वास थोडा कमी व्हायचा.

खालच्या मजल्यावर स्नेहल राहते. ती एका साहित्य मंडळाची कार्यवाह आहे. प्रकाशन समारंभांना कोण येतं हे तिला नेमकं माहीत असतं, आणि ते ऐकून माझा धीर आणखी खचला. घरचे येतात, म्हणाली, आणि ज्यांचं स्वतःचं पुस्तक पुढच्या महिन्यात येणार असतं ते येतात. डोंगरात तर घरचेही येणार नाहीत, पेट्रोल जाळून. पण तू ठरवलंच असशील तर सूत्रसंचालन मी करीन. सूत्रसंचालनाची तिला फार हौस आहे. पुढे तिचाच सल्ला, की निमंत्रण व्हॉट्सअॅपवर टाक. एक सुंदर फोटो, खाली दोन ओळी, झालं.

मी अब्बांचा पांढऱ्या टोपीतला फोटो घेतला. आयराने त्याच्याभोवती फुलांची चौकट केली, खाली पणती लावली. 'बोरवंडी विकास ग्रुप' नावाचा गावाचा ग्रुप आहे, त्यावर पाठवून दिला. खालच्या दोन ओळी वाचायला कुणी थांबलंच नाही. पाहता पाहता हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला आणि मागोमाग भावपूर्ण श्रद्धांजली सुरू झाली. एकाने तर अब्बांचा स्वभाव किती मनमिळाऊ होता यावर परिच्छेद लिहिला. मी खुलासा टाकला, त्यालाही लोकांनी हातच जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने दत्तोबा आले. दत्तोबा म्हणजे अब्बांचे बालमित्र. जिन्यातूनच त्यांचा रडण्याचा आवाज येत होता. मी दार उघडलं तर ते माझ्या गळ्यात पडले. त्यांच्या खांद्यावरून मला दिसत होतं, अब्बा खिडकीपाशी बसून खारी चहात बुडवत होते. कोण आलंय गं, असं अब्बांनी विचारलं आणि दत्तोबांचं रडणं जागच्या जागी थांबलं. मग बराच वेळ दोघंही एकमेकांना शिव्या देत हसत होते.

खारी खाऊन झाल्यावर दत्तोबांनी माझी हजेरी घेतली.

"पोरी, फोनावर मयत कळवत्यात," ते म्हणाले. "कार्य कळवायचं आसंल तर घरी अक्षता याव्या लागत्यात. अक्षता आल्याबिगार आमी उठत न्हाई."

मी म्हटलं, दत्तोबा, हे पुस्तक आहे, लग्न नाही. शिवाय आपण मुसलमान, अक्षता कुठे द्यायच्या? यावर माझ्या बाजूने बोलायचं सोडून अब्बाच मान डोलवू लागले. गावाची रीत गावात पाळायची, म्हणाले, मला आयुष्यभर प्रत्येक घरातून अक्षता आल्या, मी त्या परत करणार नाही का? मी तिथेच ठरवलं. अक्षता तर अक्षता.

अक्षता द्यायच्या म्हणजे सोबत कार्ड हवं. कामशेतला भिमाजींचा छापखाना आहे. त्यांनी आयुष्यात लग्नपत्रिकांशिवाय काही छापलेलं नाही आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. मी त्यांना साधं कार्ड हवं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, साधंच आहे, फक्त साचा ठरलेला आहे. वर गणपती होता. तो काढता येईना, कारण तो साच्यातच आहे. अब्बांना विचारलं तर म्हणाले, राहू दे, त्याच्याशिवाय बोरवंडीत काही सुरू होत नाही. मग भिमाजींनी आपणहून दुसऱ्या कोपऱ्यात ७८६ घातलं आणि दोन्हीकडचं बघितल्याचं समाधान मानलं. पत्रिकेत मधोमध दोन मोठी महिरपदार नावं असतात. ती जागा रिकामी सोडणं त्यांना अशुभ वाटत होतं. त्यांनी डावीकडे पुस्तकाचं नाव घातलं आणि उजवीकडे प्रमुख पाहुण्यांचं, डॉ. जावेद काझी. तळाशी लहान मुलांची ओळ असते, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं'. ती मी खोडायला लावली. भिमाजी हिरमुसले. आमच्या घरात मूल म्हणून आयराच, एका बँकेत अधिकारी असलेली. कार्ड छापून आलं तेव्हा तळाशी होतं, 'आमच्या आजोबांच्या पुस्तकाला यायचं हं! — आयरा'. चौकटीत दोन बदकं.

मी ते कार्ड तेव्हा नीट बघायला हवं होतं हे मला मान्य आहे. पण मी पाहिलं ते फक्त शुद्धलेखन.

अक्षता आणि कार्डं घेऊन दत्तोबा आणि त्यांच्या पत्नी लीलाबाई गावात आणि वरच्या वस्त्यांवर घरोघर गेले. दोघांनाही वाचता येत नाही. अब्बांना गाव राजूभाई म्हणतं. राजूभाईच्या घरचं कार्य हाय, एवढंच ते सांगत होते, आणि त्यात चूक काहीच नव्हती.

इकडे मी परवानगीच्या मागे होते. ग्रामसेवकांकडे तीन गावांचा कारभार, त्यामुळे ते नेहमी चौथ्या गावी असत. अखेर त्यांना एका सप्ताहाच्या पंगतीत गाठून शाळेच्या पटांगणासाठी सही घेतली. उरला स्पीकरचा परवाना. पोलीस ठाण्यात एक हवालदार होते, फार सभ्य. कार्यक्रमाचा प्रकार लिहायला त्यांच्याकडे ठरलेले रकाने होते: लग्न, बारसं, धार्मिक, निवडणूक सभा. पुस्तक धार्मिक आहे का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. राजकीय आहे? नाही. मग त्याला स्पीकर कशाला? या प्रश्नावर मी अजूनही अधूनमधून विचार करते. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. सभा लिहिलं तर कागद वर जाईल, तो खाली यायला उन्हाळा उजाडेल. लग्न लिहा, आत्ता शिक्का मारतो. जिने आयुष्यात बिलातला एक आकडा कुणासाठी बदलला नाही, त्या मी 'विवाह समारंभ, बोरवंडी' या शब्दांखाली सही केली. प्रकाशन व्हायलाच हवं होतं.

प्रकाशनाच्या रविवारी आम्ही सकाळीच पोचलो. अब्बा, याह्या, आयरा, मी, पुस्तकांचे गठ्ठे, चहाचं सामान, बिस्किटं, चिवडा, आणि सूत्रसंचालनाचे कागद छातीशी धरलेली स्नेहल. पटांगणाच्या दारात केळीचे खुंट. मांडवाला आंब्याचे टहाळे. स्टेजवर लाल मखमलीची, सोनेरी हातांची दोन सिंहासनं. मी मांडववाल्या गोरखला बाजूला घेतलं आणि सभेच्या साध्या खुर्च्या कुठे आहेत म्हणून विचारलं.

"मावशी, परवान्यात लगीन हाय," गोरख म्हणाला. "मी परवान्याभाईर जात न्हाई."

वाद घालायला वेळ नव्हता. एका सिंहासनावर अब्बांना बसवलं आणि दुसरं प्रमुख पाहुण्यांसाठी ठेवलं. अब्बांनी मखमलीवरून हात फिरवला आणि चांगलं आहे म्हणाले.

मग गाव यायला लागलं. आधी वाटलं, जवळचे दोन-चार लोक असतील. पण वरच्या वस्त्यांवरून माणसांच्या रांगा उतरत होत्या, खालच्या रस्त्याने टेम्पो येत होते. पुरुष फेट्यात, बायका ठेवणीतल्या लुगड्यांत. आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी. कुणी पितळी हंडा आणला, कुणी पातेलं, कुणी घोंगडी, टॉवेल-टोपी. मी दारात उभी होते. मला भरून आलं. पुस्तकाला आहेर करणारं गाव. पुण्या-मुंबईत तरी कुठे असेल? हे वाक्य मी मनातल्या मनात दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहूनही टाकलं. एका बाईने इस्त्री दिली तेव्हा थोडं नवल वाटलं, पण तिची भावना लक्षात घेऊन मी ती घेतली.

अब्बा माझी चाहूल लागली की विचारत, किती आलेत? मी म्हणे, सगळे. खरंच सगळे. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं त्यासाठी मी आणखी दहा परवान्यांवर खोट्या सह्या केल्या असत्या.

इतक्यात लीलाबाई आल्या आणि नवरी कुठं म्हणून विचारू लागल्या. गोंधळात मला वाटलं, आयराचं कौतुक चाललंय. मी बोट दाखवलं. आयरा जीन्समध्ये स्टुलावर उभी राहून माईकची वायर बांधत होती. लीलाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कपाळाला हात लावला आणि चार बायकांच्या मदतीने तिला शाळेच्या वर्गात नेलं. ती बाहेर आली ती हिरव्या साडीत, कोपरापर्यंत बांगड्या. अम्मी, काय भारी थीम ठेवलीये, असं म्हणून ती मोबाइलवर स्वतःचे फोटो काढू लागली. आपण शिकवून शहाणं केलेलं मूल ऐन वेळी असं काही बोलतं.

डॉ. जावेद काझींना उशीर होत होता. रविवार असल्याने कार्ला-भाज्याकडे निघालेल्या पुणेकरांनी जुना हायवे तुंबवला होता. दर थोड्या वेळाने त्यांचा फोन यायचा, ते त्याच फाट्यावर असायचे. मी त्यांना गर्दी किती आहे हे सांगितलं, तर ते फोनवरच गहिवरले. त्यांच्या पुस्तकाला पुण्यातही इतकी माणसं आली नव्हती.

अखेर त्यांची गाडी पटांगणात शिरली आणि डफ वाजायला लागला. डफ मी सांगितला नव्हता. तरण्या पोरांनी डॉक्टरांना गाडीतून उतरू न देता जवळजवळ उचलूनच घेतलं आणि स्टेजवर नेऊन त्यांच्या टकलावर गुलाबी फेटा बांधला. डॉक्टर भला माणूस. त्यांना वाटलं, हा इथला पाहुणचार. ते दोन्ही हात जोडून चहूकडे वाकत होते. बायकांत कुजबुज सुरू झाली. नवरदेव जरा वयस्कर हाय, पण डाक्टर हाय. केस न्हाईत, पण माणूस नरम दिसतो.

गाडीच्या मागच्या दाराने डॉक्टरांच्या पत्नी आणि दोन मुलं उतरली होती. बायकांनी त्यांना मानाने पुढच्या सतरंजीवर बसवलं आणि लीलाबाईंनी विचारलं, तुमी नवरदेवाच्या कोण? त्या हसून म्हणाल्या, मी त्यांची बायको. मग मुलांची ओळख करून दिली. मला ते दुरून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. फक्त एवढं दिसलं की त्या सतरंजीवरून शांतता निघाली आणि मांडवभर पसरत गेली. डफही थांबला.

दत्तोबा माझ्याकडे आले. त्यांनी मला खांबाआड नेलं.

"पोरी," ते अगदी हळू म्हणाले, "त्येला दोन पोरं हायत. राजूभाईला हे ठावं हाय का?"

मी म्हटलं, कुणाला मुलं आहेत? नवरदेवाला, दत्तोबा म्हणाले. कुठला नवरदेव? दत्तोबांनी स्टेजकडे बोट केलं. तिथे गुलाबी फेट्यातले डॉक्टर बसले होते, शेजारी अब्बा, आणि पायरीवर हिरव्या साडीतली माझी मुलगी. मला तेव्हा सगळं एकदम दिसलं. कार्ड, अक्षता, परवाना, केळीचे खुंट, इस्त्री. गावाच्या सरपंच समीक्षाताई धावत आल्या. त्या शिकलेल्या. ताई, मी कार्ड वाचून सगळ्यांना सांगितलं होतं हो, की हे पुस्तक आहे, म्हणाल्या. पण पुस्तकाच्या अक्षता कोण वाटतं, असं म्हणून मलाच वेड्यात काढलं.

मला त्या क्षणी घरी जावंसं वाटलं. एवढं गाव लोटलं ते पुस्तकासाठी नव्हतंच. ते एका लग्नाला आलं होतं, जेवायला आलं होतं. मी प्रस्तावनेतलं वाक्य खोडलं. आणि मग माझं लक्ष अब्बांकडे गेलं. स्नेहलचा माईक केव्हाचाच चालू होता आणि तो नेमका आमच्या खांबापाशी होता. अब्बांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा उतरला होता.

मी स्टेजवर गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मंजी माझ्यासाठी कुणी आलं न्हाई."

बिलाच्या खिडकीत मी कधी रडले नाही. तिथेही रडले नाही. मी माईक घेतला. स्नेहल मला तिचे कागद देत होती, ते बाजूला केले. मी म्हटलं, मंडळी, इथे लग्न नाही. हे डॉक्टर नवरदेव नाहीत, त्यांची बायको समोर बसली आहे. माझ्या अब्बांनी तुमच्या घरांच्या गोष्टी सांगितल्या, त्या मी लिहिल्या, त्या पुस्तकाचं हे प्रकाशन आहे. तुमची फसगत झाली असेल तर माफ करा. ज्यांना जायचं त्यांनी जावं, आपापला आहेर परत न्यावा. पण प्रकाशन होणार. एक माणूस उरला तरी होणार.

कुणी हललं नाही. मग मधून कुणीतरी विचारलं, आन् जेवण? मी खरं ते सांगितलं, चहा-बिस्किट आहे. त्यावर मात्र मांडवात हालचाल झाली. त्या धक्क्यातून गाव सावरायच्या आत दत्तोबा उठले. त्यांची मूठ मिटलेली होती, तिच्यात अक्षता होत्या. तेव्हा मी पाहिलं, सगळ्यांच्याच मुठी मिटलेल्या होत्या.

"राजूभाई," ते स्टेजकडे तोंड करून म्हणाले, "ह्या अक्षता तुझ्या नावानं घरात आल्या. लगीन हाय का काय हाय, त्ये आमी इचारलंच न्हाई. ज्यानं आमच्या समद्या लेकी-सुनांचे हात भरले, त्याच्या कार्याला आमी आलोय. घेतलेल्या अक्षता माघारी नेत न्हाईत. आता कार्य सुरू करा, ऊन व्हतंय."

आणि ते खाली बसले. त्यांच्यामागे सगळं गाव नीट मांडी घालून बसलं. अब्बांनी टोपी सरळ केली.

डॉक्टरांनी आणि अब्बांनी मिळून पुस्तकाची फीत सोडली. स्नेहलच्या कागदात त्या जागी 'टाळ्या' लिहिलं होतं. टाळ्या वाजल्या नाहीत, तांदूळ आला. चहूबाजूंनी, मूठ मूठ, हळदी-कुंकवाने माखलेला इंद्रायणी तांदूळ पुस्तकावर, अब्बांवर, डॉक्टरांच्या फेट्यावर, स्नेहलच्या चष्म्यावर. थोडा माईकमध्ये गेला आणि तो पुढे शेवटपर्यंत खरखरत राहिला. अब्बा दोन्ही तळहात वर करून बसले होते, तांदूळ हातांवर झेलत.

डॉक्टरांनी वीस पानांचं भाषण आणलं होतं. फेटा सोडवून कागद काढेपर्यंत गावाने सांगितलं, भाषण राहू द्या, पुस्तकातलं वाचा. मी लीलाबाईंच्या घराचं पान काढलं. त्या नवरी म्हणून आल्या तेव्हा वाटेत बैलगाडी ओढ्यात कलंडली आणि चुडा वाढला, हातातल्या सगळ्या बांगड्या फुटल्या. दारात सासरच्या बायका कुजबुजू लागल्या, अपशकुनी पोर. तेव्हा राजमहंमद मण्यार पुढे झाला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, दोष पोरीचा नाही, माझा माल कच्चा होता. आणि त्याने तिथेच, उंबऱ्यावर बसून, तिचे हात पुन्हा भरले.

लीलाबाईंनी पदर तोंडावर घेतला होता. अब्बा म्हणाले, "माल कच्चा नव्हता. खोटं बोललो व्हतो. गाडी कुणी हाकली ते इचारा." आणि सगळं गाव दत्तोबांकडे बघून हसू लागलं, कारण नवरदेव असून गाडी आपणच हाकायचा त्यांचा हट्ट होता हे म्हाताऱ्यांना अजून आठवत होतं. लीलाबाई उठल्या, स्टेजवर गेल्या आणि आपला हात अब्बांच्या हातात दिला. अब्बांनी तो बांगड्या भरताना दाबतात तसा दाबून पाहिला.

"लीला," ते म्हणाले. "तवा दोन-चारच्या मापाची व्हतीस. आता दोन-आठ लागतील."

त्यानंतर थांबणं शक्यच नव्हतं. प्रत्येक घराला आपलं पान ऐकायचं होतं. कुणाचं आधी वाचायचं यावरून दोन भावक्यांत थोडी बाचाबाची झाली, ती अब्बांनी सिंहासनावरून मिटवली. जेवणाचं लीलाबाईंनी मनावर घेतलं. घरोघरी नवं भात निघालेलं होतं. तांदूळ आला, डाळ आली, चुली पेटल्या आणि आहेराचे नवे कोरे हंडे-पातेली तिथेच वापरात आले. याह्या आयुष्यात पहिल्यांदा पंगत वाढत होते. डॉक्टरांच्या पत्नी बायकांत बसून तांदूळ निवडत होत्या आणि आपल्याला सवत न आल्याचा आनंद त्यांच्याही चेहऱ्यावर दिसत होता. इस्त्री तेवढी वापराविना राहिली. ती ज्यांची त्यांना द्यायला गेले तर त्या म्हणाल्या, ठेवा, पोरीच्या लग्नाला आमी पुन्यांदा आहेर देणार न्हाई.

तर ती वेळ आता आली आहे. आयराचं लग्न खरोखरच ठरलंय, मे महिन्यात, मुलगा अविवाहित आहे आणि त्याला केस आहेत. गेल्या आठवड्यात मी अब्बांना घेऊन स्वतः बोरवंडीत अक्षता वाटायला गेले. पहिल्या अक्षता दत्तोबांच्या घरी. लीलाबाईंनी त्या ओच्यात घेतल्या आणि माझ्याकडे संशयाने बघितलं. "ह्या टायमाला नवरदेव हाय नव्हं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी दत्तोबांकडे बघितलं, दोघांचं काही ठरलं.

"लगीन हाय म्हणून नुसतं जेवाण ठिऊ नका," लीलाबाई म्हणाल्या. "वाचायला बी काईतरी ठेवा. आमचं सोयरं येणार हायत, त्येंनी ऐकलेलं न्हाई."

पुढच्या प्रत्येक घरी हेच ऐकू आलं. शेवटच्या घरी तर मी काही बोलायच्या आत अब्बांनीच परस्पर शब्द देऊन टाकला, की निकाह झाला की जेवणाआधी प्रत्येक घराचं एकेक पान. आता अब्बा रोज संध्याकाळी चहा पिताना विचारत नाहीत, गाव येईल का म्हणून. ते कुठलं पान आधी घ्यायचं ते सांगत असतात.

मुलाकडच्यांना हे अजून आम्ही कळवलेलं नाही.